सोळा मिलिमीटर

चष्म्याच्या काचा घासण्यात जिची पस्तीस वर्षं गेली, तिला मिलिमीटर म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नव्हती. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला, की गिऱ्हाईक डोकं धरून दुकानात परत येतं. पण आपल्याच पोटातलं काही कुणी मिलिमीटरमध्ये मोजेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

महिनाभर ओटीपोटात उजवीकडे बारीक दुखत होतं. "साठी उलटली, चालायचंच," म्हणत तिनं ते अंगावर काढलं. शेवटी लेकीनं हाताला धरून आपल्या कामावर नेलं. लेक सोनोग्राफी करायची. तिनं काढलेली चित्रं मग मोठ्या डॉक्टरीणबाई तपासायच्या.

लिटरभर पाणी पिऊन आई टेबलावर आडवी झाली. "लवकर आटप बाई, नाहीतर इथंच पूर येईल."

लेक हसली. थंडगार जेल लावून तिनं पोटावर यंत्र फिरवलं. डावं अंडाशय चटकन सापडलं. उजवीकडे मात्र ती थबकली. दाबून पाहिलं, आईला कुशीवर वळवलं, पुन्हा पाहिलं. कपाळाला आठी पडली.

आईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेत नापास झाली तेव्हाही ही पोरगी अशीच मिठाची गुळणी धरून बसली होती.

"काय असेल ते सांगून टाक. मी काही कच्च्या काळजाची नाही."

"अगं, उजवं अंडाशय सापडतच नाहीये. पाळी गेली की ते आकसतं, मग आतड्याआड दडून बसतं... थांब. हे बघ!"

पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक काळसर ठिपका होता. लेकीनं दोन टोकांना खुणा केल्या. सोळा मिलिमीटर.

"एवढुसं?"

"तरुणपणी टरफलासकट बदामाएवढं होतं. आता शेंगदाण्याएवढं राहिलंय."

"म्हणजे मेलंच की ते."

"छे गं! बीजं संपली, पण दुकान अगदीच बंद नाही. थोडीफार हार्मोन्स अजून बनवतंय." लेकीचा हात थांबला. आवाजही खाली आला. "आई, मी इथूनच आले. याच्यातून, नाहीतर त्या डाव्यातून."

"हो, चौतीस वर्षं झाली."

"त्याच्याही आधी. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तयार होतात. लाखांनी. तू जन्मलीस तेव्हा मी तुझ्यात होतेच. टिंबापेक्षा बारीक."

आई पडद्याकडे बघत राहिली. तिच्या वेळी तिची आई सात महिन्यांची गरोदर असताना नदीत नाव उलटली होती. ती बाई पोट सांभाळत, एका हातानं पाणी कापत काठाला लागली होती. ही गोष्ट आईनं हजारदा ऐकली होती आणि लेकीलाही हजारदा ऐकवली होती.

"म्हणजे त्या पाण्यात..." आई पुटपुटली.

"आपण तिघी होतो," लेक म्हणाली.

आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण नुसती पोटातली पोर म्हणून वाचलो, असं ती जन्मभर समजत होती. प्रत्यक्षात तेव्हाच तिच्या स्वतःच्या पोटात लेक होती!

डॉक्टरीणबाईंनी येऊन सगळी चित्रं नीट पाहिली, पोट दाबून पाहिलं, दोन प्रश्न विचारले. "अंडाशयं वयाला शोभतील अशीच आहेत. हे दुखणं स्नायूचं. दुकानात जड खोकी उचलता ना? ते बंद करा."

आई घाईघाईनं जाऊन मोकळी होऊन आली, तर लेक अजून त्या थांबवलेल्या चित्रासमोरच उभी. आई तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. काचांमधला केसाएवढा ओरखडा टिपणारे तिचे डोळे त्या ठिपक्यावरून हलेनात.

दारावर टकटक झाली. पुढच्या बाईंचा नंबर होता.

"दोनच मिनिटं थांबा हं," आईनंच आतून सांगितलं.