नॅपकिन पडला होता

"बाबा, एवढंच म्हणायचं. नॅपकिन खाली पडला होता, तुम्ही तो उचलत होतात. दॅट्स ऑल," राधिका म्हणाली.

"पडला नव्हता," गुरुनाथ म्हणाले. "मी पाया पडत होतो."

हा सगळा घोळ एका फोटोचा. ऑल्डरिजांच्या काच कारखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून जुन्या कर्मचाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. आता ऑल्डरिज म्हणजे लहानसहान घर नव्हे. गावची लायब्ररी त्यांची, हॉस्पिटलची नवी इमारत त्यांची, मालकांचे एक चुलते गव्हर्नर होऊन गेलेले आणि नातू यंदा सिनेटला उभा. व्हीलचेअरमधले नव्वदीचे मालक वॉल्टर ऑल्डरिज समोर आले आणि गुरुनाथांची कंबर आपसूक वाकली. मंदीत निम्मा कारखाना घरी बसला, तेव्हा याच माणसाने त्यांची नोकरी राखली होती. नोकरी होती म्हणून व्हिसा राहिला, नाहीतर चंबूगबाळं आवरून सांगली गाठायची होती. पण विरोधकांना त्याचं काय? फोटो घरोघरी पोचला: बघा, ऑल्डरिज लोकांना पायाशी वाकवतात.

"तुमच्यामुळे तो हरेल, बाबा."

"म्हणून मी खोटं बोलू? नमस्कार केला तो केला."

"अहो, देवाला कळलाय तो. मग झालं तर," शुभाताई चहा ठेवत म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. खुद्द वॉल्टरच होते, आवाज पार खोल गेलेला.

"गुरू, नॅपकिन म्हण. पोराचं भलं होईल."

"येस, सर," गुरुनाथ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ज्याला नमस्कार केला त्यानेच तो परत घ्यायला लावला, आता बोलायचं कुणापाशी? फार लागलं त्यांना. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर त्यांनी नॅपकिनचं सांगितलं, तेही चक्क हसून. नातू निवडून आला.

हिवाळ्यात वॉल्टर गेले. अंत्यदर्शनाला गुरुनाथ आणि शुभाताई रांगेत उभे राहिले. शवपेटीचं झाकण इथल्या रीतीप्रमाणे अर्धंच उघडं होतं. चेहरा आणि छाती दिसत होती, कमरेखाली नुसतं चकचकीत लाकूड. सिनेटर नातवाने हात मिळवला, "थँक यू फॉर एव्हरीथिंग" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

गुरुनाथ मात्र दाराकडे न जाता पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

शुभाताईंनी कोटाची बाही ओढली. "अहो, फोटो काढतायत."

"काढू देत."

पाय नेमके कुठे असतील याचा अंदाज घेऊन त्यांनी बंद झाकणावर डोकं टेकवलं.