दुधीच्या धमन्या

भुकूमच्या मंगल कार्यालयात त्या सकाळी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत गेला होता. आत धमनीनाथ महाराज म्हाताऱ्यांच्या रक्तवाहिन्यांतली चरबी तळपायांतून बाहेर काढत होते. गरम पाण्याच्या परातीत पाय ठेवायचे. महाराज भस्माचा गोळा टाकून डोळे मिटत आणि मंत्र म्हणत, शिष्य वरून बर्फाचं पाणी ओती. जरा वेळानं पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागत.

"निघाली, वीस वर्षांची चरबी निघाली," महाराज सुरात सांगत आणि लोक टाळ्या पिटत.

रंभाबाईंचे हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. परातीत दोनदा पाय बुडवून झाल्यावर त्या थेट डॉक्टर सायमांच्या दवाखान्यात गेल्या आणि बीपीच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या ठेवा तुमच्याकडंच. माज्या नसा धुऊन निघाल्यात."

"आजी, चक्कर येते का?"

"येती की. म्हाराज म्हणत्यात, चरबी गेली की अंग हलकं व्हतं."

सायमांनी बीपी मोजलं. ते फारच वाढलं होतं. "गोळी आत्ता माझ्यासमोर घ्या. उद्या मीही येते तुमच्या महाराजांकडे."

डॉक्टरीणबाई पाया पडायला येणार, या आनंदात रंभाबाईंनी गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी सायमांचा नंबर लागला. महाराजांनी गोळा टाकला, डोळे मिटले. सायमांनी पाय खुर्चीवर घेतले आणि पिशवीतला लांबलचक दुधी अलगद परातीत आडवा केला. पुढच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. शिष्याला काय करावं कळेना. त्यानं सवयीनं बर्फाचं पाणी ओतलं.

"ताई, तुमच्या धमन्या फार तुंबल्यात," महाराज मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "पण निघाली बघा."

दुधीभोवती गुठळ्या तरंगल्या आणि हॉल हसून लोटपोट झाला. महाराजांनी डोळे उघडले आणि दुधी पाहिला.

"दुधीलाही जीव असतो," ते म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "मग भाजीला तेल कशाला घालायचं?"

सायमांनी महाराजांच्या टोपलीतला दुसरा गोळा फोडला. वर राखेचा थर, आत वनस्पती तूप. "गरम पाण्यात हे वितळतं, बर्फाच्या पाण्यानं थिजतं. पाय असोत नाहीतर दुधी."

महाराज स्वयंपाकघराच्या दारानं निसटले. रंभाबाई मात्र हसत नव्हत्या.

"मग माजं पोट?"

"त्याचीच काळजी घ्यायची, आजी. उतारवयात हातपाय बारीक आणि चरबी पोटावर, असं झालं की धमन्या कडक व्हायचा धोका वाढतो. रोज चाला, मीठ नि तळकट कमी करा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. हळूहळू फरक पडेल, पण तो परातीत दिसायचा नाही."

रंभाबाई उठल्या आणि लोकांकडं वळल्या.

"मी त्या तुपाला हात जोडले, आन् गोळी बंद करून मरायला निघाले व्हते. आता कुणी काय बी बाहीर काडून दावू द्या. आदी इचारा, आत काय घातलं व्हतं."