स्वतःचीच वैरीण

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. सकाळपासून घरात तेवढाच आवाज. डिकेलेडीने आज घशाला सुट्टी दिली होती, कारण दुपारी तिला स्वतःलाच हरवायचं होतं.

रेकॉर्ड कंपनीची रीतच तशी. गाणाऱ्या बाया तीन, डिकेलेडी त्यांतलीच एक; गटांची नावं मात्र दोन. सोमवारी त्या ‘रानपारव्या’, गुरुवारी ‘वीजबहिणी’. तबकडीवर फोटो भलत्याच सुंदऱ्यांचे, ज्यांना अंगाईसुद्धा धड येत नसावी. सगळी सोवेटो वस्ती मात्र या दोन गटांपायी एकमेकांच्या उरावर बसलेली. शेजारची मा सिबेको वीजबहिणींची इतकी कट्टर, की पारव्यांचं गाणं लागलं की खिडकी आपटायची. डिकेलेडी शिवणकामाच्या कारखान्यात जाते, असंच ती समजून होती.

आज चढाओढीसाठी दोन्ही गट पहिल्यांदाच एका मंचावर येणार होते. “जिंकतील त्यांची नावं तबकडीवर छापीन,” असं निर्माता मोखेथीने वचन दिलं होतं. कुणीही जिंको, नाव आपलंच, म्हणून डिकेलेडी खुशीत होती.

पारव्यांचं गाणं झालं. विंगेत बाकी दोघींनी बहिणींचे कपडे चढवले, पण डिकेलेडीच्या अंगावरच्या पारव्यांच्या हिरव्या फ्रॉकची चेन अडकली ती अडकलीच.

“मरू दे फ्रॉक! टोप बदल आणि पळ!” मोखेथी खेकसला.

लाल केसांचा टोप चढवून ती तशीच हिरव्या फ्रॉकात बाहेर आली. पहिल्या रांगेत डिकेलेडीच्या छोट्या लेकीला, पुलेंगला, मांडीवर घेऊन बसलेली मा सिबेको ताडकन उठली. रंगवलेला चेहरा तिने ओळखला नाही, फ्रॉक मात्र ओळखला.

“चोरटी! पारवी मेली आमचं गाणं गायला आलीय!”

संत्र्याच्या साली उडू लागल्या. मोखेथी विंगेतून ओठांवर बोट ठेवून नाचत होता. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. पण इतक्या वर्षांत तिला कुणी तिच्या नावाने शिवीसुद्धा घातली नव्हती. तिने टोप काढला.

“चोरी कसली, मा? दोन्हीकडे मीच गाते. मी डिकेलेडी मोलेफे.”

“अगं बया! आणि तो कारखाना?”

तिने एक कडवं पारव्यांचं गायलं, एक बहिणींचं. मग सभागृहात कुणालाच कळेना, आता आरोळी कुणासाठी ठोकायची. निकाल लागलाच नाही.

“एका दमात दोन गट बुडवलेस,” मोखेथी म्हणाला. “आता घरी बस. दोन्ही नावं कंपनीची.”

“आणि आवाज?”

“छापलाय तेवढा आमचाच.”

परतताना मा सिबेको फुरंगटून चार पावलं मागे चालत होती. “सहा वर्षं भांडले मी. कुणाशी? तुझ्याशी! आणि कुणासाठी? तुझ्याचसाठी! लाज कशी वाटली नाही गं?”

“भांडायचीस तेव्हा फार गोड वाटायचं, मा.”

कोपऱ्यावरच्या घरातून रेडिओ ऐकू आला. निवेदक वीजबहिणींचं कौतुक करत होता, मग गाणं सुरू झालं. पुलेंग थबकली. तिने आईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“आई, तू तर इथे आहेस. मग ती कोण गातेय?”