हरकत हलकी असावी

गुंडप्पांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी नगरपरिषदेचा माणूस दारात दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जाई. चाळीस वर्षं कारकुनी केलेल्या हाताला निवृत्तीचं पत्र कुणी दिलंच नव्हतं.

त्या दिवशी दारात बांधकाम विभागाचा अभियंता सत्यम उभा होता. काखेत नकाशाची गुंडाळी, आणि चेहरा मांडवात वाजंत्री न पोचल्यासारखा.

"अप्पा, एक हरकत पाहिजे होती."

"कुणावर?"

"आमच्यावर."

मुखेडकडच्या त्या लहानशा गावाला दोन गोष्टी मंजूर झाल्या होत्या. एक, शहर सुधारणेचा निधी. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात बसस्टँडपुढच्या चौकात कारंजं उडणार होतं. दुसरी, नाल्यालगतच्या सरकारी जागेत गरिबांसाठी शहाण्णव घरं. आराखडा तीस दिवस बोर्डाला लावून लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. तीस दिवसांत बोर्डापाशी एक शेळी तेवढी येऊन गेली. तिनं नकाशाचा कोपरा खाल्ला. झाला तो लोकसहभाग एवढाच.

"फाइल वरून परत आली," सत्यम म्हणाला. "एवढा मोठा आराखडा आणि हरकत एकही नाही? नोटीस लावली तरी होती का, असं विचारून राहिलेत. तुम्ही एक घ्या. आम्ही सुनावणी घेतो, तुमचं समाधान झालं असं लिहून द्या, की फाइल सुटली."

समाधानाचं गुंडप्पांना नवल नव्हतं. आपल्या हयातीत हजारेक माणसांचं समाधान त्यांनी स्वतःच्या अक्षरात केलं होतं. त्यांतली काही तर तारखेच्या आधीच वारली होती.

"कशावर घेऊ?"

"कशावर बी. वसाहतीच्या कमानीचा रंग म्हणा, झाडं कोणती लावायची म्हणा. फक्त हलकी असू द्या."

गुंडप्पा कबूल झाले ते सिंधूपायी. बायको उमादेवी गेल्यापासून सिंधू दोन्ही वेळ येऊन त्यांच्याकडं भाकरी टाकायची. तिला नवरा नव्हता. मुलगी अंजू लातूरला नर्सिंग शिकत होती, आणि स्वतः ती स्टँडमागं भाड्याच्या पत्र्यात राहायची. घरासाठी अकरा वर्षं तिनं दरखास्ती केल्या, तेव्हा कुठं यंदा यादीत नाव लागलं. नंबर सत्त्याऐंशी. फाइल अडली की तिचं घर अडलं.

पण कारकुनाचाही एक धर्म असतो. खोटी हरकतसुद्धा जागा बघून लिहावी, असं गुंडप्पांचं मत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिंधूला घेऊन निघाले; सरपणाला ती तिकडंच जायची, तिला पायवाटा ठाऊक.

नकाशात नाला शिसपेन्सिलीच्या रेघेएवढा होता. मोजणी मे महिन्यात झालेली, आणि मराठवाड्यात मे महिन्यात सगळे नाले नकाशाप्रमाणेच वागतात. जागा सपाट, मोकळी, देखणी. कमानीला पिवळा रंग नको, एवढं लिहावं असं ठरवून गुंडप्पा परत फिरले, तर समोर एक बाभूळ. तिच्या फांदीला त्यांच्या छातीच्या उंचीवर वाळलेला काडीकचरा आणि खताचं फाटकं पोतं अडकलेलं.

"हे कुणी टांगलं गं इथं?"

"पाण्यानं," सिंधू म्हणाली.

 नकाशा उघडून गुंडप्पांनी बाभळीची जागा बोटानं शोधली. बोट घरांच्या तिसऱ्या ओळीवर पडलं.

"तुला ठावं हुतं? मग बोलली कामून न्हाईस?"

"इच्यारलं कुणी? आन् बोलले असते तर घरं गेली असती. पाणी सालातून दोन दिवस येतंय अप्पा, भाडं बारा म्हैने."

 संध्याकाळी गुंडप्पांनी कमानीच्या रंगावर अर्ज लिहायला घेतला. रंगापर्यंत पेन गेलंच नाही. बाभूळ, पोतं, छातीएवढी उंची, तिसरी ओळ असं सगळं कागदावर उतरलं, आणि खाली सहीही झाली. सही करून झाल्यावर त्यांना हाताचा राग आला. पण चाळीस वर्षांत त्या हातानं त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. त्याला तरी काय बोलावं?

सत्यमनं अर्ज वाचला. "अप्पा, हलकी म्हटलं होतं मी!"

"पाण्यात बुडव. हलकी होईल."

सुनावणीला हरकतदार एकच, म्हणून चहाही एकच आला. मुख्याधिकारी बाई नवीन होत्या, पण माणूस सरळ. अर्ज दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"काका, तुमचं म्हणणं खरं आहे. घरांचं जोतं पाच फूट उचलावं लागेल. पण निधी आहे तेवढाच आहे. मग शहाण्णवाची ऐंशी घरं होतील. यादीतली शेवटची सोळा नावं गळतील. नाहीतर समाधान झालं म्हणून लिहा, आराखडा आहे तसा पुढं जाईल. तुमच्यावर आहे."

चाळीस वर्षांत गुंडप्पांवर कुणी काही ठेवलं नव्हतं. फायली तेवढ्या ठेवल्या होत्या. "पाच मिनिटं द्या," म्हणून ते उठले.

व्हरांड्यात पायरीवर सिंधू बसली होती. गुंडप्पांनी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि लपवायला तोंडही नव्हतं.

"ऐंशी," ती म्हणाली. "आन् मपला सत्त्याऐंशी."

"हाव."

तिनं बोटांवर ऐंशीपासून सत्त्याऐंशीपर्यंत मोजलं.

"तू म्हणशील तसं लिहितो, सिंधू."

"आसं नका करू अप्पा. मला नका इच्यारू. मला इच्यारलं तर म्या घरच म्हननार. पान्यातलं आसंल तरी. मग उद्या कुनाचं लेकरू वाहून गेलं, तर तुमी म्हनाल, सिंधूला इच्यारलं हुतं." तिनं पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "लिवता येतंय तुमाला. तुमीच ठरवा."

गुंडप्पा आत गेले. 'समाधान' हा शब्द त्यांनी सवयीनं लिहिला, आणि पुढं सवय मोडून 'झाले नाही' असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

बाहेर आले तेव्हा पायरी रिकामी होती.

संध्याकाळी सिंधू आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुंडप्पांनी दोन दिवस मुरमुरे खाल्ले आणि आपण बरोबर वागलो, असं स्वतःला समजावत राहिले. स्वतःचं समाधान स्वतः करणं हे लोकांचं करण्यापेक्षा लई कठीण काम निघालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सिंधू होती. तिच्या मागं गल्लीत पंधरा माणसं: काही बाया, दोन म्हातारे, कडेवर पोर घेतलेली एक. गुंडप्पांना वाटलं, भांडायला आली. त्यांनी धोतराचा सोगा सावरला.

"अप्पा, ही शांतम्मा, नंबर एक्याऐंशी. आन् ही समदी तिच्याखालची." सिंधूनं आत येऊन कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "तुमच्या एका कागदानं सोळा घरं गेली. आता आमच्या सोळा हरकती लिव्हा."

"अगं, पण त्या माझ्याच हरकतीवर होतील!"

"हुंद्या की. तुमची बी खरी, आमची बी खरी."

"मुदत संपली."

"तुमच्या येळेला संपली नव्हती व्हय?"

 गुंडप्पा खुर्चीवर बसले, पेनाचं टोपण काढलं. चौदा माणसं ओट्यावर टेकली. शांतम्मा आत चुलीपाशी जाऊन चहाचं भांडं शोधू लागली.

"सांग. मागणी काय लिहू? जुना आराखडा ठेवा?"

"न्हाई."

"मग नवा?"

"लिव्हा," सिंधू म्हणाली, "आमाला जोतं बी पायजे आन् घर बी पायजे. शहाण्णवच्या शहाण्णव."

"निधी नाही म्हणतात."

"चौकात कारंजं उडवायला हाय ना? तिथलं आना म्हनावं. पानी उडवायच्या आधी पान्यातून वर काढा."

गुंडप्पांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. असली मागणी कुठल्या रकान्यात बसते, हे चाळीस वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले. "सावकाश. जसं बोललीस तसंच लिहितो."