तीन माणसांची हवा

"माणसां किती ती आधी सांगा, मगे भात टाकतंय!"

वसुधेचा, अण्णांच्या बायकोचा आवाज. तिला जाऊन कितीतरी पावसाळे उलटले, तरी कुठे मापाची गोष्ट निघाली की तो स्वयंपाकघरातून यायचा तसाच अण्णांच्या कानी येई.

आज तो आवाज मरोळच्या पेट्रोल पंपावर आला. गणपतीसाठी गावाला निघायचं होतं, आणि टायर गार आहेत तोवर सकाळीच हवा भरून घ्यायची होती. त्यांचा मुलगा सुशांत दार उघडून आतल्या पट्टीवरचं स्टिकर वाचत होता.

"दोघं-तिघं असतील तर तीस, गाडी भरलेली असेल तर छत्तीस. आपण तिघंच, पण डिकी बघा! अण्णा, गणपतीला चाललोय की गाव वसवायला?"

"आणि भाद्रपदात गोधडी कशाला हो?" सून गंधाली हसली.

अण्णाही हसले. गोधडी थंडीची होती. थंडीत ते गावीच असणार होते, आणि त्यापुढेही. मनाशी पक्कं झालं होतं, पण मुलाला सांगायला जीभ वळत नव्हती. त्याला वाटेल, आपलंच काही चुकलं. बरं, गावी पोचून सांगावं, तर भावकी गंधालीकडे बोट दाखवणार. सुनेनं म्हाताऱ्याला घालवलं म्हणणार. ज्या पोरीनं त्यांचं पथ्याचं अळणी जेवण त्यांच्याबरोबर बसून गोड मानून खाल्लं, तिच्या माथी हा बोल? काय ते गाडी सुटायच्या आत बोलायला हवं होतं.

मशीन वाजलं. चौथं चाकही छत्तीसवर ताठ झालं.

"झकास! आता दिवाळीपर्यंत बघायला नको," सुशांत म्हणाला.

"दरवर्षी हेच करतोस. येताना सामान नसतं आणि गाडी नुसती उड्या मारते. तिकडून निघताना हवा कमी करून घे ना रे."

"सामान नसतं? नारळ असतात, तांदूळ असतात, अण्णा असतात. अण्णा, सांगा हिला!"

अण्णांनी चाकावर तळवा टेकला. ओझं पेलायचं तर असंच ताठ राहावं लागतं. आणि ओझं उतरलं की तोच ताठपणा आत बसलेल्याला बोचतो.

"ती बरोबर बोलतेय. येताना कमी कर."

"किती?"

"दोघांपुरती."

"तिघं ना, अण्णा?"

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. सुशांत हलला नाही.

"तुमचं दोघांचं काय चुकलं म्हणून नाय रे," अण्णा म्हणाले. "गंधालीसारखी सून नाय, हे मीच चारचौघांत सांगेन, आरतीच्या आधी. पण कुंडलिक गावच्या घरात एकटो आसा. आम्ही दोघेव भाऊ म्हातारे झालो. माका आता गावाकच ऱ्हवाचा आसा, बाबा. मी परत येवचंय नाय."