घरचं माणूस खोलीत नको

उद्या आईच्या घराच्या विक्रीच्या कागदांवर सह्या होणार होत्या. आठ महिने ती माझ्याकडे राहत होती, तिकडचं घर कुलपात. मी तिला दहा वेळा 'हरकत नाही ना?' असं विचारलं होतं आणि दहाही वेळा ती नाही म्हणाली होती. तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्यात सकाळी दारात आमच्या ऑफिसातली नवी मुलगी उभी. म्हाताऱ्या माणसांच्या पाहणीसाठी मीच तिला प्रश्न विचारायला शिकवलं होतं. यादीत नेमकं आमचं घर निघालं होतं. नियमाने मी ते वगळायला हवं होतं, नाही वगळलं. आई परक्या माणसाला काय सांगते ते मला ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू?

"आजी, इथे राहायला कसं वाटतं?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. "छान! लेक फुलासारखं जपते मला."

मुलीने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही बाहेर थांबता का? मुलाखतीत घरचं माणूस नको."

गुरूची विद्या गुरूला! मी चडफडत स्वयंपाकघरात गेले. धुतलेली भांडी परत धुतली. वीस मिनिटांचं काम, चाळीस झाली. आतून आधी आईचं हसू आलं, मग तिचा आवाज खाली गेला, मग काहीच ऐकू येईना. मला भीती वाटायला लागली, आईचीच.

मुलगी फॉर्म पिशवीत घालून निघाली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मॅडम, विचारू नका हं," आणि जिना उतरली.

मी तडक आत गेले. "आई, घर विकायला तुझी हरकत नाही ना?"

"नाही गं."

"तिलाही हेच सांगितलंस?"

"तिने हे विचारलंच नाही. कुठे राहायला आवडेल, म्हणाली. तू विचारतेस, 'हरकत नाही ना?' त्यावर 'आहे' म्हणायला जीभ कशी रेटेल?"

"बरं, मग मीही तसंच विचारते. कुठे राहायला आवडेल तुला?"

आईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "नको विचारूस. तुझा चेहरा बघितला की मी खोटंच बोलणार."

मी तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले आणि पुन्हा विचारलं.

"माझ्या घरी," आई म्हणाली.