आन्सबाईंना घरी जायचंय

राजानंद एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, नागपूर डेपोला. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांची बायको गया गेली. तिचा पहिला स्मृतिदिन झाला आणि धम्मदीपाने, त्यांच्या एकुलत्या लेकीने, हट्टच धरला. तीन महिन्यांच्या व्हिसावर ती त्यांना नेदरलँड्समध्ये, डीमनला घेऊन आली.

धम्मदीपा विद्यापीठात संशोधन करायची. सकाळी आठला सायकल काढायची, ती संध्याकाळी सहाला परत. तोवर राजानंद फ्लॅटच्या खिडकीशी बसून खालच्या ट्राम मोजत. दिवसभरात बोलायला माणूस नाही. आणि संध्याकाळी लेक आली, तरी दोघं जेवणाबद्दल आणि हवेबद्दलच बोलत. गयाचा विषय निघाला की धम्मदीपा उठून भांडी आवरायला लागे. मग राजानंदही तो विषय सोडून देत.

शेजारच्या फ्लॅटमध्ये विम राहत. त्र्याऐंशी वर्षांचे, उंच, कमरेत वाकलेले. लिफ्टमध्ये हसून ओळख झाली, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं सुरू झालं. विम रोज दुपारी दोन वाजता बायकोला भेटायला निघत. एक दिवस म्हणाले, "मिस्टर राजा, येता का? चालत वीस मिनिटं."

त्यांची बायको आन्सबाई गावाच्या टोकाला, विसरभोळेपणाच्या आजाराने ग्रासलेल्या म्हाताऱ्यांच्या निवासात होत्या. बैठी इमारत, मध्ये बाग, भोवती उंच कुंपण. आणि त्या बागेत, गुलाबाच्या वाफ्याशेजारी, चक्क बसचा थांबा. खांब, पाटी, काचेआड वेळापत्रक, बसायला बाक. राजानंदांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्ताच नव्हता.

"इथे बस येते कुठून?" त्यांनी विचारलं.

"येत नाही," विम म्हणाले. "इथल्या माणसांना सारखं घरी जायचं असतं. दाराशी जातात, दार उघडत नाही, मग रडतात. इथे बसवलं की शांत होतात."

बाकावर आन्सबाई बसल्या होत्या. निळा कोट, मांडीवर पर्स, केस नीट विंचरलेले. विम शेजारी बसले, पण नवरा बसतो तसे नाही. मध्ये हातभर जागा सोडून, अनोळखी प्रवासी बसतो तसे. आन्सबाई त्यांच्याशी डच भाषेत बोलू लागल्या. विम मान हलवत राहिले.

परतताना राजानंदांनी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"घरी नवरा वाट बघतोय. विम नाव आहे त्याचं. फार चांगला आहे, पण स्वयंपाक येत नाही. बस लवकर आली तर बरं, म्हणाली."

राजानंद रस्त्यात थांबले. "पण तुम्ही तर शेजारी बसला होता!"

"हो," एवढंच विम म्हणाले.

राजानंदांना ते काही पटलं नाही. पंचशील ते रोज सकाळी म्हणत आणि चौथ्या शीलावर त्यांचा विशेष जीव होता. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. एसटीत असतानाही गाडी रद्द झाली तर ते उतारूंना स्पष्ट सांगत, येईल येईल म्हणून ताटकळत ठेवत नसत. लोक शिव्या देत, पण निदान दुसरी सोय बघत. आजारी असला तरी माणूस माणूसच ना? त्याला असं फसवायचं? त्या थांब्याचा त्यांना रागच आला. तरी ते रोज विमबरोबर जात राहिले. नाही तर दुपारभर खिडकी होतीच.

तिसऱ्या आठवड्यात विमना ताप भरला. ते म्हणाले, "आज तुम्ही एकटे जाल? कोणीतरी शेजारी बसलं की तिला बरं वाटतं."

राजानंद गेले. आन्सबाईंनी सरकून जागा दिली. थोड्या वेळाने त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि विचारलं, "बस?"

हा शब्द त्यांच्याही भाषेत तोच होता. त्या डोळ्यांत इतका विश्वास होता, की राजानंदांना राहवलं नाही.

"नो बस," ते म्हणाले. हाताने नाही अशी खूण केली. "इथे बस नाही. कधीच नाही."

आन्सबाईंना समजलं. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. त्या उठल्या, कुंपणाकडे गेल्या आणि जाळी धरून हाका मारू लागल्या. "विम! विम!" परिचारिका धावत आली. आन्सबाईंना आत नेईपर्यंत त्या वळून वळून जाळीकडे बघत होत्या.

राजानंद घरी आले ते तडक विमच्या दारात. पांघरूण लपेटून विमनी दार उघडलं. राजानंदांनी झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता हा माणूस रागावेल, असं त्यांना वाटलं.

विम खुर्चीत बसले. "पहिलं वर्षभर मीही खरंच सांगायचो. आन्स, तू आता इथे राहतेस, मीच विम आहे, म्हातारा झालोय. ती घाबरायची. ते दुःख तिला रोज नव्याने व्हायचं आणि आदल्या दिवशीचं ती विसरलेली असायची. शेवटी मी म्हटलं, हे खरं मी कोणासाठी सांगतोय? तिच्यासाठी की माझ्यासाठी?" मग ते खोकले आणि जरा हसले. "आणि एक सांगू? लग्नाला बावन्न वर्षं झाली. बायको रोज एका परक्या माणसाला सांगते, की मला माझ्या विमकडे जायचंय. हे ऐकायला किती नवऱ्यांना मिळतं?"

राजानंदांनी उठून त्यांना पाण्याचा पेला भरून दिला.

शनिवारी विम बरे झाले. धम्मदीपाला सुट्टी होती. राजानंद म्हणाले, "दीपा, तू आज चल आमच्याबरोबर. मला त्या बाईंची माफी मागायची आहे आणि तुला डच येतं."

"बाबा, त्यांना आठवणारसुद्धा नाही."

"मला आठवतंय ना."

आन्सबाई बाकावर होत्या, शांत. धम्मदीपाने बाबांच्या वतीने माफी मागितली. त्या गोंधळून हसल्या. मग नेहमीसारखं घरच्या विमचं कौतुक सुरू झालं. शेजारचे विम ऐकत होते. बोलता बोलता आन्सबाई राजानंदांकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," धम्मदीपा म्हणाली, "की तुमची घरी कोण वाट बघतंय?"

राजानंदांनी वेळापत्रकाच्या काचेकडे पाहिलं.

"सांग त्यांना, कोणी नाही. बायको होती, गया. दवाखान्यात ती मला विचारायची, मी वाचते का हो? खरं सांगा. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की आता थोडेच दिवस उरलेत. आणि मी म्हणालो, काही नाही झालं तुला, सोमवारी घरी जाऊ. तिला कळलं होतं. तिला काहीतरी सांगायचं होतं मला. मी सोमवार सोमवार करत राहिलो, म्हणून ती गप्प बसली. भिंतीकडे तोंड केलं. रविवारी गेली."

धम्मदीपा भाषांतर करेना. आईला काही सांगू नका, धीर सोडेल ती, असं फोनवर बजावणारी तीच होती. इथूनच, डीमनमधून. राजानंदांनी ते वर्षभरात एकदाही काढलं नव्हतं. आत्ताही काढलं नाही.

आन्सबाईंनी तिच्या हाताला हात लावला. काय म्हणतायत ते, असं त्यांनी विचारलं. मग धम्मदीपाने सगळं सांगितलं. हळू आवाजात, अडखळत. फोनचंही सांगितलं. तिने डच भाषेत काय भर घातली, हे राजानंदांना तिच्या रडण्यावरून उमगलं.

आन्सबाईंनी डोळे बारीक करून ऐकलं. किती कळलं कोण जाणे. मग त्या चार शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"तिलाही घरी जायचं होतं तर."

"हो," राजानंद म्हणाले. "तिलाही."

आतून चहाची घंटा झाली. विम उठले, अदबीने हात पुढे केला. आन्सबाईंनी आधी पर्स सावरली, मग परक्याचा हात धरावा तसा तो धरला आणि दोघं सावकाश आत गेली.

बापलेक कालव्याच्या कडेने घरी निघाली.

"बाबा," धम्मदीपा म्हणाली, "आईला काय सांगायचं असेल?"

"रोज तेच शोधतो मी."

"माझ्याबद्दल काही?"

"असेल. नाही तर गॅसचं बटण बघत जा, दुधावर झाकण ठेवत जा, असलंच काहीतरी. तिचा काय भरवसा?"

धम्मदीपा हसली आणि हसता हसता तिला पुन्हा रडू आलं. राजानंदांनी तिचा हात धरला. "तिची लुगडी मी अजून कपाटातून काढलेली नाहीत," ते म्हणाले. "तू ये दिवाळीत. दोघं मिळून काढू."

"येते," ती म्हणाली. "पण बाबा, आईचं अजून सांगा ना. ती शेवटच्या दिवसांत काय खायची, काय बोलायची. मला काहीच माहीत नाही."

राजानंद सांगू लागले.